सव्वीस गुणांची पैसेवारी

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर माझी बायको कमळा सांगेल, आणि ती सांगते तेव्हा जरा जास्तच सांगते. पण आकड्यांमधलं मला कळतं. एकतीस वर्षं मी पैसेवारी काढण्यात घालवली आहेत. ज्या भाग्यवंतांचा सरकारशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, पैसेवारी म्हणजे गावात पीक किती आलं ते पैशांत मांडायची रीत. रुपया म्हणजे भरघोस पीक, पन्नास पैशांच्या आत म्हणजे दुष्काळ. आधी नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. नजरअंदाज ही जीपमधून खाली न उतरता काढतात. सुधारित ही वरून फोन आला की काढतात. आणि अंतिम म्हणजे सुधारितच, फक्त तिच्या शेवटच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहणीअंती’ असा शेरा मारलेला असतो. तो शेरा मी हजार वेळा तरी लिहिला असेल. बांधावर मी किती वेळा उतरलो ते कृपया विचारू नका.

निवृत्तीनंतर माणसाजवळ वेळ खूप असतो आणि विचारणारं कोणी नसतं. म्हणून त्या डिसेंबरात शेजारचे नूर मोहम्मद माझ्याकडे आकड्याचा प्रश्न घेऊन आले तेव्हा मी लगेच चष्मा लावला. नूरभाईंचं चंद्रपुरात बिनबा गेटच्या आत गाद्या-रजयांचं दुकान. दिवसभर ते कापूस पिंजतात, आणि संध्याकाळी त्या कापसासकट मैदानावर जातात. अठरा वर्षांपासून ते नवजवान फुटबॉल क्लब चालवतात. क्लब म्हणजे त्यांच्या घराची समोरची खोली. तिथे जाळ्या, बूट, चेंडू आणि संध्याकाळी कामावरून सुटलेले ऑटोवाले, पेंटर, फ्रिज दुरुस्त करणारे असे चौदा खेळाडू. अठरा वर्षं हा संघ जिल्हा लीगच्या ब गटात आहे. त्याच्या खाली गट नसल्यामुळे आणखी खाली जायची सोय नव्हती.

यंदा मात्र त्यांच्या बायकोने, खैरुनभाभींनी, निर्वाणीचा इशारा दिला होता. थोरल्या शाजियाला शिलाईचा क्लास काढायचा होता आणि खोली एकच होती. भाभींचं म्हणणं सरळ होतं. यंदा संघ अ गटात गेला तर खोली क्लबची. नाही गेला तर जाळी-बूट भंगारात आणि खोलीत शाजियाची मशीन. नूरभाईंनी मान्य केलं होतं. मान्य न करण्याइतका मोठेपणा कोणत्या नवऱ्याजवळ असतो?

“खोली गेली तं टीम गेली, भाऊ,” ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले. “पोरं बसतील कुठी? मले फक्त येवढं सांगा, वर जाले किती पॉइंट लागते?”

प्रश्न विचारला तेव्हा समोरच्या घरातले लहानूभाऊ आमच्या ओसरीवर होते. ते असतातच. लहानूभाऊ वीज केंद्रातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या विषयांचे तज्ज्ञ आहेत. त्यांनी ताबडतोब चाळीस हा आकडा सांगितला. आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा म्हणजे चौदा सामने, जिंकल्याचे तीन गुण म्हणजे सगळे मिळून बेचाळीस. त्यातले चाळीस मिळवायचे कसे, एकही सामना हरला तरी चाळीस होतच नाहीत, हे मी त्यांना कागदावर दाखवलं. ते म्हणाले, कागदावर काहीही दाखवता येतं. माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेचं इतकं अचूक वर्णन मी आजवर ऐकलेलं नव्हतं, म्हणून मी कागदाची घडी घातली.

मी रीतसर पद्धतीने जायचं ठरवलं. गेल्या पाच वर्षांत दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला किती गुण होते ते काढायचं, कारण दोनच संघ वर जातात. त्याची सरासरी म्हणजे उत्तर. त्यासाठी लीगचे जुने तक्ते हवे होते. लीगचे सचिव सोमाजी हे मैदानालगतच्या पत्र्याच्या खोलीत बसतात. त्यांनी सांगितलं की जुने तक्ते देता येत नाहीत, लेखी अर्ज करा. मी केला. आठ दिवसांनी लेखी उत्तर आलं की जुने तक्ते देता येत नाहीत. मी वैतागून कागद उलटा केला तर मागे गेल्या वर्षीचा संपूर्ण तक्ता. सोमाजी काटकसरी माणूस, पाठकोऱ्या कागदांवर पत्रव्यवहार करतात. मी आणखी चार अर्ज केले, चार नकार मिळवले, आणि पाच वर्षांचे तक्ते माझ्या रजिस्टरमध्ये चिकटवले. पंचवीस, सत्तावीस, चोवीस, अठ्ठावीस, सव्वीस. बेरीज एकशे तीस, भागिले पाच, सव्वीस. मी रजिस्टरमध्ये ‘नजरअंदाज: सव्वीस’ असं लिहून खाली सही केली.

नूरभाईंनी तो आकडा खडूने खोलीच्या दारावर लिहिला. खैरुनभाभी रोज झाडताना त्याच्याकडे कशा बघत होत्या हे मी पाहिलं आहे, त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता आकडा माझा म्हटल्यावर दर रविवारी मैदानावर जाणं आलं. पण दोरीच्या आत ओळखपत्राशिवाय सोडत नाहीत, आणि सोमाजींच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, प्रशिक्षक आणि खेळाडू. प्रशिक्षक नूरभाई होते. मी तिसरा रकाना सुचवला, ‘आकडेतज्ज्ञ’. सोमाजी म्हणाले की असा रकाना छापायला कार्यकारिणीची सभा लागेल आणि सभा गणेशोत्सवानंतर होते. शेवटी त्यांनी मला खेळाडूंच्या यादीत पंधरावा घातलं. वयाची वरची अट नव्हती, फक्त डॉक्टरचा दाखला लागत होता. डॉक्टरांनी दाखल्यावर सही करताना दोनदा पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर तोंड करून खांदे हलवले. माझी उंची-छाती मोजून खैरुनभाभींनी पंधरा नंबरचा निळा सदराही शिवला. वय एकसष्ट. कमळाने तो सदरा कपाटात माझ्या लग्नाच्या कोटाखाली ठेवला आणि इतकंच म्हणाली की दोन्ही पुन्हा घालायची वेळ येऊ नये.

जानेवारीत लीग सुरू झाली आणि काय सांगू, माझा आकडा खरा व्हायला निघाला. ताबिश नावाचा आमचा पुढचा खेळाडू, एरवी फ्रिज दुरुस्त करणारा, गोलामागून गोल करत होता. सैफ गोलात भिंत होऊन उभा होता. एटापल्लीच्या संघाला आम्ही त्यांच्या मैदानावर एक गोलाने हरवलं. तो फार कठीण सामना होता, कारण ती पोरं जंगलात चढउतार करून वाढलेली, दमतच नाहीत. कोळसा खाणीच्या कॉलनीचा तगडा संघ तिथून हरून आला होता. मार्चमध्ये मात्र एटापल्लीवाले चंद्रपूरला आले ते फक्त आठ जण. बाकीचे मोहफुलं वेचायला राहिले होते. आम्ही सात गोल केले. मी रजिस्टरमध्ये सहा गुण लिहिले, पण आठच जण का आले याचा विचार केला नाही. तो विचार मी करायला हवा होता, एवढंच आत्ता नोंदवतो.

एप्रिलच्या शेवटी, बारा सामने झाले आणि नवजवान क्लबचे गुण भरले सव्वीस.

त्या संध्याकाळी माझा जो मान झाला तसा माझ्या निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता. नूरभाईंनी मला नवी गादी दिली. पोरांनी खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, कमळाने मधे पडून थांबवला. आणि मी एक छोटंसं भाषण केलं. भाषणात मी म्हणालो की अंतिम आकडा गाठलेला आहे, उरलेले दोन सामने ही केवळ औपचारिकता. ताबिशच्या बहिणीचं लग्न पुढच्या रविवारी सिरोंच्याला होतं आणि सामनाही त्याच दिवशी. नूरभाई घुटमळत होते. मी रजिस्टर उघडून म्हणालो, खुशाल जा, सगळी टीम घेऊन जा. माझं नाव खुशाल असल्यामुळे सगळे हसले. सगळी टीम सिरोंच्याला जाऊन आली. तेराव्या सामन्याला आमच्याकडून कोणी गेलंच नाही, समोरच्यांना फुकटचे तीन गुण मिळाले, आणि मी त्याची नोंद मोठ्या मनाने केली.

मंगळवारी सोमाजींचं पत्र आलं, अर्थात पाठकोऱ्यावर. पत्र सगळ्या संघांना होतं. त्याच रविवारी एटापल्लीचा संघही कॉलनीविरुद्ध आला नव्हता. नियम अकरानुसार लागोपाठ दोन सामन्यांना गैरहजर राहणारा संघ लीगमधून बाद होतो आणि त्याचे सगळे सामने, झालेलेसुद्धा, खेळलेच नाहीत असं धरलं जातं.

मी ते दोनदा वाचलं. मग रजिस्टर काढलं. एटापल्ली बाद झाली तर तिच्याविरुद्ध मिळवलेले आमचे सहा गुण जाणार. सव्वीसचे वीस. आमच्या पाठोपाठ असलेली कॉलनी एटापल्लीत हरलेली, म्हणून तिचे परवाचे फुकटचे तीनच जाणार, त्यांचे बावीसचे एकोणीस होणार, पण त्यांचा शेवटचा सामना लेच्यापेच्या संघाशी. तो जिंकला की त्यांचे पुन्हा बावीस. आणि आमचा शेवटचा सामना विजय क्रीडा मंडळाशी, जे वर्षभरात एकदाही हरलेलं नव्हतं आणि ज्यांनी आम्हाला आधी पाच गोलांनी धुतलं होतं. शिवाय नियम अकरा आम्हालाही लागू होता. एक गैरहजेरी आम्ही सिरोंच्याला बिर्याणी खाऊन वापरून टाकली होती.

एटापल्लीवाले का आले नाहीत हे मला तेव्हा कळलं. मे महिना होता. तेंदूपत्ता. एकतीस वर्षं मी दर मे महिन्यात अहवालात स्वतःच्या हाताने लिहीत आलो होतो, ‘तेंदू हंगाम सुरू, मजूर उपलब्ध नाहीत’. पंधरा दिवस आख्खं जंगल पानं तोडायला जातं, वर्षाचं कपडालत्त्याचं त्यावर भागतं, आणि त्या पंधरा दिवसांत तिथे लग्नसुद्धा धरत नाहीत. हे मला जितकं माहीत होतं तितकं चंद्रपुरात कोणालाही माहीत नसेल. पण ते वेगळ्या रजिस्टरमध्ये होतं.

नूरभाईंना सांगायला गेलो तेव्हा ते रजई टाचत होते. ऐकून त्यांनी सुई कापडात खोचली. ओरडले असते तर बरं झालं असतं. दारावरचा सव्वीस तसाच होता. मी म्हणालो, आपण एटापल्लीला जाऊ.

लहानूभाऊंनी निघताना तीन सल्ले दिले. जंगलात फोन लागत नाही म्हणून आधी फोन करून घ्या, हा त्यांतला सर्वांत उपयोगी. आम्ही पहाटेची एसटी धरली, आलापल्लीला बदलली, आणि खनिजाच्या ट्रकांमागे धूळ खात दुपारी एटापल्लीला उतरलो. तिथून एका मोटारसायकलवर, चालवणाऱ्यासकट तिघं बसून, पत्त्याच्या फळीवर, म्हणजे जिथे तोडलेली पानं जमा करतात त्या माळावर पोचलो. उन्हात पानांच्या पुड्यांच्या लांबच लांब रांगा वाळत होत्या. संघाचा कप्तान दसरू मांडवात बसून सत्तर-सत्तर पानं मोजून पुडे बांधत होता. त्याची बोटं इतकी भराभर चालत होती की मी दोनदा मोजायला लागलो आणि दोनदा चुकलो.

मी त्याला जोहार करून नियम अकरा समजावला. गुणांचा तक्ता दाखवला. कॉलनी, विजय मंडळ, सरासरी, सगळं सांगितलं. तो पुडे बांधत ऐकत राहिला. शेवटी त्याने विचारलं की यात आमचा काय फायदा. मी तक्त्यात एटापल्लीची ओळ बोटाने शोधली. ती पोरं आली असती तरी शेवटच्याच नंबरावर राहणार होती.

तेव्हा नूरभाई बोलले. त्यांनी ना गुण सांगितले ना नियम. घरातली समोरची खोली सांगितली, अठरा वर्षं सांगितली, आणि खैरुनभाभींची अटही जशीच्या तशी सांगितली. दसरूच्या बाजूला बसलेल्या बायका हसल्या. दसरू हसला नाही.

“माणसं देतो,” तो म्हणाला. “पण पान थांबत नाई. सात माणसं नेता, तं सात माणसं इथी बसवा.”

आमच्याकडे धानाच्या रोवणीला असंच चालतं. तुमच्या बांधीत आज माझे हात, माझ्या बांधीत उद्या तुमचे. हिशोब फक्त हातांचा. मैदानावर उतरायला किमान सात खेळाडू लागतात, हे मला पाठ होतं. माझ्या डोक्यात लगेच आकडे जुळले. आपले चौदा. सात इकडे पाठवू, सात तिकडे उभे करू. विजय मंडळाशी कितीही गोलांनी हरलो तरी चालेल, फक्त हजर असलं पाहिजे. एटापल्ली वाचली की आपले सव्वीस राहतात, आणि कॉलनी फार तर पंचविसावर जाते. मी ते तिथेच पुड्यांवर रजिस्टर ठेवून मांडलं. ‘सुधारित: सव्वीस.’

शुक्रवारी सात जण निघाले. आता कोणते सात पाठवायचे यावर माझं आणि नूरभाईंचं जरा वाजलं. माझं म्हणणं, कच्चे पाठवा. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याच्या कामावर कच्चा माणूस पाठवणं म्हणजे बेइज्जती. तेव्हा ताबिश, सैफ, प्रणित असे आमचे पहिले सात तेंदूपत्ता बांधायला गेले आणि फुटबॉलसाठी राखीव सात राहिले. शनिवारी दसरू आपली माणसं घेऊन आला, नूरभाईंच्या त्याच खोलीत जाळ्यांवर झोपला, रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी सामना खेळला आणि चार गोलांनी हरून एटापल्ली लीगमध्ये वाचली. मी सोमाजींच्या कागदावर हजेरीची सही स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतली.

आमचा सामना संध्याकाळी पाचचा. संध्याकाळ म्हणायची पद्धत म्हणून. मे महिन्यात चंद्रपूरला पाच वाजता हवा भट्टीतून आल्यासारखी लागते. आमचे सात बूट बांधत होते तेवढ्यात पंचांनी यादीवर पेन ठेवून सांगितलं की नऊ नंबरला आधीच्या दोन सामन्यांत पिवळं कार्ड मिळालेलं आहे, आज तो खेळू शकत नाही.

मी चार महिने गुण मोजले होते. कार्डं मोजली नव्हती.

सहा खेळाडूंवर सामना होत नाही. सामना झाला नाही तर दुसरी गैरहजेरी, नियम अकरा, आणि एटापल्लीला वाचवता वाचवता नवजवान क्लबच बाद. मी रजिस्टर उघडलं, मिटलं. पंच यादी वाचतच होते. वाचता वाचता ते थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “उरकुडे खुशाल कोण आहे?”

दहा मिनिटांत लहानूभाऊंनी घरून सदरा आणला. सोबत कमळाही आली. तिने मला काय काय म्हटलं ते सगळ्या मैदानाने ऐकलं आहे, पुन्हा सांगत नाही. मग तिने उन्हाचा उतारा म्हणून पिशवीतून कांदा काढला आणि माझ्या खिशात घालायला गेली, तर त्या चड्डीला खिसा नव्हता. तिने तो माझ्या गळ्यात रुमालाने बांधला. पंच म्हणाले, गळ्यात काही चालत नाही. खैरुनभाभींनी तो सोडवून माझ्या उजव्या मोज्यात कोंबला. अशा रीतीने, वय वर्षं एकसष्ट, पायात कांदा, मी जिल्हा लीगमध्ये पदार्पण केलं.

नूरभाईंची सूचना एकच होती, गोलाच्या खांबाजवळ उभे राहा आणि खांब सोडू नका. मी सोडला नाही. गोल होत गेले. समोरची पोरं चांगल्या घरची होती, माझ्या बाजूने जाताना ‘काका, सांभाळून’ म्हणत आणि मग गोल करत. चेंडू मला एकदाच लागला, पोटावर, आणि तो गोल वाचला म्हणून काठावर बसलेल्या एटापल्लीच्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही पहिली टाळी, जिच्यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं.

पण खरा धोका चेंडूचा नव्हताच. धोका होता काळजी करणाऱ्यांचा. दोरीबाहेर आख्खी गल्ली जमली होती आणि प्रत्येकाला माझी दया येत होती. लहानूभाऊ ओरडत होते की पाच मिनिटं सावलीत येऊन बसा, खेळ काय, चालूच राहतो. कोणी पाणी घेऊन आत यायला बघत होतं. कोणी डॉक्टरला फोन लावत होतं. मी बाहेर पडलो की सहा राहतात आणि सामना संपतो हे मी खांब धरून समजावत होतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मध्यंतराला सहा गोल झाले होते. मी जमिनीवर बसलो तेव्हा नूरभाई येऊन माझ्याजवळ बसले. त्यांच्या दाढीत अजून कापूस होता.

“बस झालं, भाऊ,” ते हळूच म्हणाले. “खोली गेली तं गेली. शाजियाची मशीन काय वाईट हाय का? तुमी घरी चला.”

आणि मला राग आला. नूरभाईंचा नव्हे, माझा. एकतीस वर्षं मी एका गावाला पंचेचाळीस पैसे दिले, दुसऱ्याला बावन्न, आणि जीपची काच खाली केली नाही. या माणसाची खोली मी खडूच्या एका आकड्यावर लावली होती, आणि त्याच आकड्यावर त्यांच्या पोरांना लग्नाला धाडलं होतं. मी उठलो. कमळा दोरीपाशी उभी होती. मला वाटलं आता ती आत येऊन मला ओढून नेईल. तिने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीतून दुसरा कांदा काढला आणि म्हणाली, “अवो, डाव्या पायात बी ठेवा.”

मध्यंतरानंतरचा खेळ माझ्या नीट लक्षात नाही. खांब तापलेला होता आणि मी त्याला धरून होतो एवढं आठवतं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा अकरा गोल झाले होते आणि मैदानावर आम्ही सात जण उभे होतो. सातवा मी.

सव्वीस गुण. कॉलनी पंचवीस. नवजवान क्लब अ गटात.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आठ दिवसांनी सोमाजींचं परिपत्रक आलं. अ गटातले तीन संघ खेळाडूंअभावी बंद पडले आहेत. सबब पुढील वर्षापासून ब गट रद्द करण्यात येत असून त्यातील सर्व आठही संघ अ गटात समाविष्ट करण्यात येत आहेत. सर्व आठही. तळाला राहिलेली एटापल्ली धरून. एकही सामना न जिंकता फक्त हजर राहिला असता तरी नवजवान क्लब वर गेला असता. कागद उलटा केला तर मागे आमचाच तक्ता होता, सव्वीसवाला.

तो कागद घेऊन मी नूरभाईंकडे गेलो. खैरुनभाभी समोरच होत्या. मी मनाची तयारी केली आणि सगळं वाचून दाखवलं, शून्य गुणांत वर जाता आलं असतं हेही सांगितलं, कारण ते लपवणं मला जमलं नसतं. भाभींनी ऐकून घेतलं.

“ते कागदाचं तुमी पाहा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मी तं इतकंच पाह्यलं, का यांच्या खोलीसाठी एक माणूस उनात उभा राह्यला. खोली राहू द्या. मशीन खिडकीकडं मावते.”

नूरभाई तोंड फिरवून रजईतली सुई शोधायला लागले. ती बराच वेळ सापडली नाही.

संध्याकाळी सोमाजींचा फोन आला. लीगचे जुने तक्ते पत्रव्यवहारात संपल्यामुळे आता माझं रजिस्टर हेच अधिकृत दप्तर धरायचं ठरलं होतं. तेव्हा यंदा वर जाण्यासाठी लागलेले गुण या रकान्यात तेवढं शून्य करून घ्या, असं वरून आलं आहे, ते म्हणाले. त्यांच्या वर कोण आहे ते मी विचारलं नाही. असले फोन मी एकतीस वर्षं घेतले आहेत आणि प्रत्येक वेळी खोडरबर हाताशी असायचं.

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवला, रजिस्टर घेतलं, आणि ‘अंतिम’ या शब्दापुढे शाईने सव्वीस लिहिलं. माझे गुडघे अजून दुखत होते. शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो. हात सवयीने पुढे गेला, मग थोडा थांबला, आणि मी तो शेरा आयुष्यात पहिल्यांदा खरा लिहिला.

प्रत्यक्ष पाहणीअंती.